सीझनच्या तोंडावर

मार्चची पहाट. गोळीबार चौकात
झाडू मारणाऱ्या बाईशिवाय कोणी नाही.
बाबा शटरवर खडूनं लिहितात:
'निखारे कूलर सर्व्हिस. पंधरा दिवस बंद.'
मग 'पंधरा' पुसून 'काही' करतात,
मग तेही पुसतात. नुसतं 'बंद' उरतं.
हात पँटीला पुसत म्हणतात, चाल.

निखारे, आणि कूलर.
या नावावर चौक चाळीस वर्षं हसत आलाय,
आणि बाबाही, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे.

डिकीत मी ठेवल्या दोन बॅगा, पाण्याचा कॅन,
शेजारच्या सुलभाकाकूंची संत्रा बर्फी.
त्यांनी गुपचूप सरकवली हत्यारांची पेटी,
वर एक पंप, दोन कपॅसिटर,
पेपरात गुंडाळलेली वूडवूलची जुडी.
"हे कायले?"
"राहू दे. जागा आहे ना."

मागच्या मे महिन्यात ते शिडीवरून पडले,
महालातल्या कोणाच्या तरी गच्चीवर, भर दुपारी.
मांडीत आता स्टीलची पट्टी आहे.
डॉक्टर म्हणाले, यापुढे शिडी नको.
इतकं सहज म्हणाले,
जसं म्हणावं, लोणचं नको.

म्हणून मी मार्च निवडला.
पहिलं ऊन तापेल, फोन सुरू होतील,
निखारेजी, पाणी वर चढून नाही राह्यलं,
निखारेजी, खडखड आवाज येऊन राह्यला,
तेव्हा ते इथं नसावेत, एवढंच.
सांगितलं मात्र, रजा याच महिन्यात भेटते.

आणि वाळवंट का, तर
आमच्या घरात प्रत्येक पत्र्यावर छापलेलं असायचं: डेझर्ट.
मला वाटायचं, डेझर्ट म्हणजे एक पेटी,
तीन बाजूंनी गवत,
आत रात्रभर टपटपणारं पाणी.
भूगोलाच्या बाईंनी सगळ्या वर्गाला हसू दिलं.
घरी येऊन विचारलं, बाबा, खरं डेझर्ट कसं असते?
मोटर उघडता उघडता ते म्हणाले,
"सीझन झाला का जाऊ."
तेव्हा मी आठवीत होते.
आता एक्केचाळीस.

झिरो माईलपाशी गाडी थांबवायला लावली.
आधी बरा पाय, मग पट्टीचा, असे उतरले.
दगडाचे चार घोडे जागेवरच होते.
त्यांनी एका घोड्याच्या मानेवर
थोपटल्यासारखा हात ठेवला,
परत येऊन मीटरवरचा आकडा वहीत उतरवला.
"हिशोब इथून धरायचा."

सदर, छावणी, मानकापूर.
कोराडीच्या चिमण्यांतून धूर सरळ वर,
म्हणजे वारा पडलेला, म्हणजे दुपारी तापणार.
हे त्यांनी म्हटलं नाही. मला ऐकू आलं.
तेवढ्यात फोन वाजलाच.
मी गिअर बदलला, नसताना गरज.
"हो, बोला ढोबळेजी. नाही, गावात नाही मी.
पोराले द्या फोन. हां. आधी प्लग काढ बेटा.
आता पंप उलटा कर. झटक.
कचरा निघाला? पाहा कसा."
पुढचे सहा किलोमीटर ते एका न दिसणाऱ्या पोराला
पाणी वर चढवायला शिकवत होते,
आणि त्यांचा उजवा हात हवेत स्क्रू फिरवत होता.

सावनेरला चहा. तर्री पोहे त्यांनी दोनदा घेतले.
बिल देताना, माझ्याकडे न बघता:
"बँकेत मार्चमध्ये रजा देते काय कोणी?"
मी सुटे पैसे मोजत राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी वही काढली.
तीच वही, तेच रकाने: नाव, पत्ता, तक्रार.
नावाच्या खाली लिहिलं, पोट्टी.
पत्ता, जैसलमेर.
तिसऱ्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं.
मग टोपण लावून त्यांनी काच खाली केली.
"कोरडी हवा ना तिकडं?
मस्त चालत असन कूलर."